वेडोलिझुमॅबचे सात डोस: दोन मुंबईत, पाच रत्नागिरीत

लोक मिक्सरचा रिव्ह्यू टाकतात, होमस्टेचा टाकतात, मी सलाईनमधनं घ्यायच्या औषधाचा टाकतोय, हसा हवं तर. पण हे औषध सुरू करायच्या आधी मी मराठीत खूप शोधलं आणि दुधी भोपळ्याच्या रसापलीकडे काही मिळालं नाही, म्हणून लिहितोय. आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, सहा वर्षं झाली, मेसालामाइन झालं, स्टिरॉइड तीनदा झालं, ॲझाथायोप्रिन पचलं नाही. दिवसाला बारा-बारा वेळा जायचं, रक्त, आणि एस्टीत बसायचं म्हटलं की आधी पोटात गोळा. गाव पावसच्या बाजूला, थोडी हापूसची कलमं आहेत, त्यामुळे मुंबईला जाऊन राहणं शक्य नाही.

आधी औषधाबद्दल, मग सेंटरबद्दल.

मुंबईच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे एक नळी काढली, नळीत गोल गोल पेशी आणि नळीच्या भिंतीला छोटे छोटे आकडे. म्हणाले हे ॲडहिजन मॉलिक्यूल, म्हणजे पेशींनी एकमेकींना धरायच्या जागा, आणि तुमचा आजार बराचसा इथे पेटतो. मला तेव्हा अर्धं कळलं, बाकीचं येताना गाडीत विचार करून जुळवलं, आणि जुळलं ते चाकरमान्यांमुळे. आपल्याकडे गणपतीला गाड्या भरभरून येतात ना, पण प्रत्येक जण आपल्याच गावाला उतरतो, चिपळूणचा माणूस चिपळूणला, कणकवलीचा कणकवलीला. पांढऱ्या पेशींचंही तसंच. ज्या पेशी आतड्याजवळच्या लिम्फच्या गाठींमध्ये तयार होतात त्यांच्या अंगावर अल्फा-४-बीटा-७ नावाचा इंटिग्रिन येतो, तो म्हणजे त्यांचा हात. आणि आतड्याच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर मॅडकॅम-१ नावाचा रेणू असतो, तो म्हणजे प्लॅटफॉर्मवरचा दांडा. रक्ताबरोबर वेगात जाणारी पेशी आधी सिलेक्टिन नावाच्या रेणूंना घासत घासत हळू होते, गाडी स्टेशनात शिरताना होते तशी, मग हात दांड्याला घट्ट धरतो आणि भिंतीतल्या फटीतनं पेशी आतड्यात उतरते.

निरोगी माणसातही हे होतं, त्याशिवाय आतड्याची राखण कोण करणार. आमच्या आजारात घोटाळा असा की सूज आली की टीएनएफसारखी रसायनं सुटतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीवर मॅडकॅम, आयकॅम, व्हीकॅम हे सगळे दांडे आणखी वाढतात, म्हणजे जितकी सूज तितके दांडे आणि जितके दांडे तितकी माणसं खाली. बारा महिने गणपती आणि परत कोणी जायचं नावच घेत नाही, असं ते घर होतं.

वेडोलिझुमॅब काय करतं तर त्या अल्फा-४-बीटा-७ हातावर मोजा चढवतं. दांडा तिथेच, गाडी तिथेच, पण धरता येत नाही, पेशी पुढे वाहून जाते. टीएनएफ अडवणारी औषधं सगळ्या अंगातली सूज दाबतात, हे बहुतेक आतड्यापुरतंच राहतं, म्हणून माझ्यासारख्या लहानपणी टीबी होऊन गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी हे सुचवलं. टीबीची तपासणी ह्यालाही केलीच, ती टाळू नका.

ह्याचा एक मोठा चुलतभाऊ होता, नॅटालिझुमॅब. ते अल्फा-४ असलेले सगळेच हात बांधायचं, अल्फा-४-बीटा-१ सुद्धा, आणि तो हात मेंदूकडे जाणाऱ्या पेशी व्हीकॅमला धरायला वापरतात. म्हणजे आपल्या स्टेशनची गर्दी कमी करायची म्हणून दादरपासून सगळीच स्टेशनं बंद. २००४ साली अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासाठी आलं, काही पेशंटना मेंदूचा पीएमएल नावाचा भयंकर आजार झाला कारण मेंदूत जेसी व्हायरसवर पहारा ठेवणाऱ्या पेशीच पोचेनात, २००५ ला बाजारातनं काढलं, २००६ ला कडक अटींवर परत आणलं आणि २००८ ला क्रोन्स ह्या आतड्याच्याच दुसऱ्या आजारासाठीही परवानगी दिली. त्यावरून धडा घेऊन फक्त आतड्याचा हात बांधायचं हे दुसरं, त्याला २०१४ ला मंजुरी मिळाली. मी हे घरी सांगितलं तर आई म्हणाली म्हणजे ह्याच्या आधीच्यानं माणसं दगावली आणि तू हे घेतोस? तिला समजवायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली.

आता खरा मुद्दा, आणि ज्यांनी घेऊन सोडलं त्यातल्या बऱ्याच जणांची गडबड इथेच होते असं मला वाटतं. हे औषध स्लो आहे. स्लो म्हणजे स्लोच. का, तर ते नवीन माणसं उतरू देत नाही, पण जी आधीच घरात येऊन बसलीत त्यांना बाहेर काढत नाही, ती आपापली कमी होईपर्यंत थांबायचं. जेमिनी नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये कोलायटिसच्या पेशंटपैकी सहाव्या आठवड्याला ४७.१ टक्क्यांना फरक पडला, नुसतं सलाईन दिलेल्यांपैकी २५.५ टक्क्यांना. म्हणजे अर्ध्याहून जास्त लोक तेव्हा माझ्यासारखेच तोंड पाडून बसलेले असणार. वर्षाच्या शेवटी, ज्यांना सुरुवातीला फरक पडला होता त्यांच्यात दर आठ आठवड्यांनी डोस घेणारे ४१.८ टक्के रेमिशनमध्ये, म्हणजे आजार शांत असलेले, होते, औषध बंद केलेले १५.९ टक्के. जादू नाही हे, पण माझ्या जागी बसून बघा.

माझं वेळापत्रक: पहिला डोस जूनच्या सुरुवातीला, दुसरा दोन आठवड्यांनी, तिसरा सहाव्या आठवड्याला, मग दर आठ आठवड्यांनी. पहिल्या दोन डोसांना मुंबई, ऐन पावसात, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल, आणि डब्यातला संडास बंद असेल ह्या भीतीनं आदल्या रात्रीपासून उपाशी. सहाव्या आठवड्यापर्यंत शून्य फरक. चौदाव्या आठवड्यापर्यंत काहीच नाही झालं तर बंद करू असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. चौदावा आठवडा बरोबर गणपतीत आला. आणि त्या वर्षी मी आरतीला सुरुवातीपासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत उभा राहिलो, मधे एकदाही न पळता, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही. कॅलप्रोटेक्टिनची (शौचातून आतड्याची सूज मोजायची) टेस्ट आधी १८००च्या वर होती, जानेवारीत १४०. साइड इफेक्ट म्हणाल तर दोनदा सर्दी, डोसच्या दुसऱ्या दिवशी डोकं जड आणि गुडघे थोडे दुखतात.

आता सेंटर. तिसऱ्या डोसापासून रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या डे-केअरला घेतो, नाव टाकत नाही कारण जे झालं त्यात दोष माहिती नसण्याचा आहे, हेतूचा नाही. व्हायल म्हणजे औषधाची छोटी बाटली, आत ३०० मिलिग्रॅम पावडर असते, २ ते ८ डिग्रीत ठेवायची, गोठवायची नाही. कोल्हापूरहून यायची होती, आंबा घाटात दरड, मी सकाळी आठला हजर आणि व्हायल दुपारी दोनला. आली ती थर्माकोलच्या डब्यात. मी पहिलं बघितलं की बर्फाला थेट चिकटून आहे का, नव्हती, मधे पुठ्ठा होता, त्या पॅकिंगवाल्याला माझा नमस्कार.

मग सिस्टरनी पाणी घातलं आणि अँटिबायोटिक हलवतात तशी व्हायल खडाखडा हलवली. आत फेसच फेस, साबणाचं पाणी जसं. हे औषध प्रोटीन आहे, ४.८ मिली पाणी बाटलीच्या कडेनं हळू सोडायचं, बाटली नुसती गोल गोल फिरवायची, हलवायची नाही, आणि विरघळायला वीस मिनिटं लागली तरी थांबायचं. मी मुंबईत दोनदा बघितलं होतं म्हणून बोललो, नाहीतर मला तरी काय कळणार. सिस्टर चिडल्या नाहीत, बॉक्समधला कागद काढून उभ्या उभ्या वाचला, फार्मसीतल्या दादांना बोलावलं, फेस बसेपर्यंत सगळे त्या बाटलीकडे बघत बसलो. तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर चालू झाला, पण त्या दोन मिनिटांत मी फ्रीजचा विचार करत होतो.

पुढच्या वेळेपासून मात्र त्याच सिस्टर, घड्याळ समोर ठेवून, बाटली अशी फिरवतात की तुपाची लोटी सांभाळतायत. २५० मिली सलाईनमधनं अर्ध्या तासात जातं, नंतर तासभर बसवतात, चहा मिळतो, चहा वाईट आहे. संडास स्वच्छ आणि खाटेपासून सात पावलांवर, आमच्या आजारात ह्याला वेगळे स्टार पाहिजेत.

पैशाचं: महाग आहे, आकडा टाकत नाही कारण दर बदलतो आणि कंपनीच्या पेशंट स्कीमवरही अवलंबून आहे. मेडिक्लेमवाल्यांनी पहिल्यांदा चोवीस तास ॲडमिशन नाही म्हणून क्लेम परत पाठवला. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०१९ च्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीचं (हे औषध त्यातलंच) इंजेक्शन मॉडर्न ट्रीटमेंटमध्ये धरलंय, ते लिहून अपील केलं तेव्हा पास झाला, पण सब-लिमिट, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी मर्यादा, लावून. तुमच्या पॉलिसीत ती ओळ आधी शोधा.

औषधाला चार स्टार, एक कापला तो वाट बघायला लावली म्हणून. सेंटरला जुलैमध्ये दोन दिले असते, आता चार. आठवा डोस एप्रिलच्या शेवटी येतोय, ऐन आंबा भरायच्या गडबडीत, आणि सिस्टरनी आत्तापासूनच विचारून ठेवलंय की पेटी कितीला लावणार.