फाइल ठेवायची साइट काढायची : दुकानातलं मशीन, भाड्याचा सर्व्हर की क्लाउड?

लग्नसराईत चोपडा, पारोळा, अमळनेरचे फोटोग्राफर अल्बमच्या फाइली पेनड्राइव्हवर भरतात आणि जळगावच्या प्रिंटिंगवाल्याकडे माणूस धाडतात. ‘आपलीच एक साइट काढू, फाइल टाका, लिंक पाठवा’ हा विचार इथूनच सुचतो, आणि तो चांगला आहे. पण बहुतेक जण पहिल्यांदा हार्ड डिस्कचा भाव विचारतात, आणि हिशेब तिथेच फसतो. फाइल ठेवायला फार पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ती बाहेर जाताना.

समजा, २ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ ५०० पाहुण्यांनी डाउनलोड केला. झाला १ टीबी. ॲमेझॉनच्या मुंबईतल्या एस-थ्रीवर, म्हणजे वापराप्रमाणे बिल येणाऱ्या क्लाउड साठ्यावर, हा व्हिडिओ महिनाभर ठेवायला पाच रुपयेही लागत नाहीत. बाहेर जाणाऱ्या डेटाचे मात्र पहिले १०० जीबी फुकट आणि पुढे जीबीला साधारण ११ सेंट. म्हणजे एका व्हिडिओचं बिल आठ हजार रुपयांच्या वर. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या आर-टू या तशाच साठ्यावर बाहेर जाणाऱ्या डेटाला पैसे नाहीत; ठेवण्याचे जीबीला महिना दीड सेंट, म्हणजे १ टीबीला १५ डॉलर. दोन्ही क्लाउडच, पण या धंद्यासाठी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुकानातलं मशीन मनाला जवळचं वाटतं. जुना कॉम्प्युटर, दोन डिस्क, त्यावर नेक्स्टक्लाउड हे फाइल ठेवण्या-वाटण्याचं फुकट सॉफ्टवेअर. महिन्याचं भाडं नाही. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा बंद शटरमागे त्या डिस्कचं काय होत असेल याचा विचार करा. लाइट गेली की साइट गेली. शिवाय घरगुती फायबरवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा थेट पत्ता, मिळत नाही, त्यामुळे बाहेरचा माणूस मशीनपर्यंत थेट पोचतच नाही. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या पत्त्याचे, पैसे वेगळे. आणि दोन डिस्कवर एकच डेटा असणं म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. हे मशीन दुसरी प्रत ठेवायला वापरा, त्या कामाला ते उत्तम आहे.

भाड्याचा सर्व्हर म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरमधलं, महिन्याच्या भाड्याने घेतलेलं मशीन. त्याचं बिल ठरलेलं असतं, हा त्याचा मोठा गुण. १०० एमबीपीएसची लाइन महिनाभर पूर्ण भरून वाहिली तरी साधारण ३२ टीबीच जातात, म्हणजे बाहेर जाणाऱ्या डेटालाही हद्द असते. भाड्यात किती टीबी धरलेत ते मात्र आधी विचारा. बदल्यात अपडेट, सुरक्षा, भरलेली डिस्क, सगळं तुमच्या गळ्यात. साइट चालवणारं इंजिनएक्स हे सॉफ्टवेअर मुळात १ एमबीपेक्षा मोठं अपलोड घेत नाही, साइट ज्या भाषेत लिहितात ती पीएचपी २ एमबीवर थांबते. हे आकडे वाढवणं सोपं आहे, पण खरं काम पुढे आहे : शिरपूरच्या मोबाइल नेटवर ९० टक्क्यांवर तुटलेलं अपलोड तिथूनच पुढे सुरू झालं पाहिजे. ‘टस’ नावाची खुली पद्धत त्यासाठीच आहे.

यापेक्षाही मोठा प्रश्न : साइट सगळ्यांना खुली ठेवायची की ओळखीच्यांनाच? २००६ पासून चाललेली झिप्पीशेअर ही सगळ्यांना खुली फाइल-साइट २०२३ मध्ये बंद झाली. चालवणाऱ्यांनी विजेचं बिल आणि जाहिरात अडवणारी साधनं ही कारणं दिली. फायरफॉक्स सेंड ही फाइल पाठवायची सेवा तर फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्या संस्थेची होती, तरी लोक तिच्यातून व्हायरस पसरवू लागले आणि २०२० मध्ये ती गुंडाळावी लागली. एवढ्या मोठ्यांना जे झेपलं नाही ते धुळ्यातल्या दोन माणसांना झेपेल असं मला वाटत नाही.

कायद्याचंही बघा. आयटी कायद्याचं कलम ७९ इतरांनी टाकलेल्या फाइलींबद्दल साइटवाल्याला संरक्षण देतं, पण अटी पाळल्या तरच. तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं. कॉपीराइटची रीतसर तक्रार आली की ३६ तासांत फाइल हटवायची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे. खुल्या साइटवर मध्यरात्री कोणी काय टाकलं हे बघायला माणूस ठेवावा लागेल. त्याचा पगार सर्व्हरच्या भाड्याहून जास्त होईल.

वीस-पंचवीस फोटोग्राफर आणि दोन-तीन प्रिंटर एवढाच पसारा असेल, तर माझं मत पक्कं आहे : छोटा भाड्याचा सर्व्हर फक्त लॉगिन आणि लिंकसाठी, फाइली आर-टूसारख्या ठिकाणी, आणि खातं फोन नंबर तपासूनच. फाइल डाउनलोड करण्यासाठी वेगळं डोमेन, म्हणजे साइटचा वेगळा पत्ता, घ्या. एखाद्या फाइलमध्ये व्हायरस निघून गूगलने धोक्याची पाटी लावली तर निदान मुख्य साइट वाचते. आणि लिंकला पंधरा दिवसांची मुदत पहिल्या दिवसापासून लावा. अल्बम छापून झाला की फाइल आपोआप जायला हवी, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर नवा सीझन सुरू होईल तेव्हाही गेल्या वर्षीच्या लग्नांचंच भाडं भरत असाल.