केसरबाईंच्या नावाने मला विकलेली मैफल

गायिका केसरबाई केरकर यांच्या खासगी मैफलीचे ध्वनिमुद्रण मिळवून देतो असे कोणी म्हणाले, की जयपूर घराण्याच्या श्रोत्याचे भान कसे सुटते, हे गेल्या पावसाळ्यात मी बारा हजार रुपये मोजून अनुभवले. बाईंना आपले गाणे कोणी टेप केलेले खपत नसे. १९७७ साली त्या गेल्या तेव्हा मी दुसरीत होतो. त्यामुळे ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची तीन-साडेतीन मिनिटे आणि बोटांवर मोजण्याइतक्या मैफली एवढ्यावरच माझी तहान भागवणे आले. नेमक्या याच टंचाईवर हा धंदा चालतो.

एका परिचितांच्या ओळखीने फोन आला. गृहस्थ अदबीने बोलत होते. गिरगावातल्या एका दिवंगत रसिकाच्या घरून स्पूल, म्हणजे टेपचे रीळ, निघाला आहे, राग खोकर, सलग चोपन्न मिनिटे, असे त्यांनी सांगितले आणि डब्याचे छायाचित्र पाठवले : पाच इंची स्पूलचा पुठ्ठ्याचा डबा, कोपऱ्यावर चहाचा डाग, निळ्या शाईत बाईंचे नाव आणि खाली टेपचा वेग, ‘७½’. नमुन्यादाखल चाळीस सेकंदांची आलापी होती. तोच भारदस्त आकार, तोच न संपणारा दमसास! आणखी एक संग्राहक मागे लागले आहेत एवढे ऐकताच मी यूपीआयने पैसे पाठवले. टेप कोणी केले, साथीला कोण होते, हे विचारायचे राहून गेले. खरे सांगायचे तर उत्तर आवडणार नाही या भीतीने मी ते विचारलेच नाही.

पूर्ण ध्वनिमुद्रण मी चार वेळा ऐकले आणि चारही वेळा मला केसरबाईच ऐकू आल्या. पाचव्या वेळी शेजारी बसलेल्या मित्राने एका जागी हात वर केला. साडेतेविसाव्या मिनिटाला बैठकीत कोणाचा तरी स्टीलचा पेला पडतो आणि दोनदा गिरकी घेऊन थांबतो. हा पेला आपल्या घरी आहे, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने जुनी कॅसेट आणली. त्याच घराण्याच्या, पुढच्या पिढीतल्या एका गायिकेच्या घरगुती बैठकीची ती प्रत होती, आणि तिच्यात तोच पेला बावीस मिनिटे दहा सेकंदांनी पडत होता.

मूळ मुद्रणाचा वेग सहा टक्क्यांनी कमी केला होता. त्यामुळे पट्टी अर्ध्या स्वराने उतरली, आवाज जड झाला आणि दमसास लांबला. लांबणारच, तो ताणलेलाच होता. संगणकावर आलेख काढला तेव्हा मुद्रणात उतरलेली विजेची गुणगुण, जी आपल्याकडे ५० हर्ट्झवर असते, ती ४७ वर दिसली. जुनी यंत्रे थोडी मागेपुढे चालतात, म्हणून एवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नये. पण पेला आणि आकडा दोन्ही एकच गोष्ट सांगत होते.

सर्वांत लाजिरवाणी बाब म्हणजे ही लबाडी छायाचित्रातच उघडी होती. पाच इंची स्पूलवर साधी टेप ६०० फूट मावते आणि सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती सोळा मिनिटांत संपते. टेप दुप्पट लांबीची, पातळ घेतली तरी अर्ध्या तासाच्या आसपास स्पूल उलटावाच लागतो. मग चोपन्न मिनिटे सलग गाणे त्यावर आले कोठून? हा गुणाकार शाळकरी मुलाला जमेल. मी तो पैसे गेल्यावर केला.

जाब विचारल्यावर गृहस्थांनी आधी ‘घरच्यांकडे चौकशी करतो’ म्हटले आणि मग फोन उचलणे बंद केले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण अकरा दिवसांनी. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी फोन केला असता, तर रक्कम गोठवता येण्याची काही शक्यता होती.

महिनाभराने कोल्हापूरच्या एका स्नेह्यांनी एक छायाचित्र पाठवून माझे मत विचारले. पुठ्ठ्याचा तोच डबा, कोपऱ्यावर तोच चहाचा डाग. निळ्या शाईत नाव मात्र या खेपेस त्याच घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकर यांचे होते.