एनएलपीची लॅब की डीप लर्निंगची?

एनएलपी म्हणजे संगणकाला माणसांची भाषा हाताळायला लावणं, डीप लर्निंग म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कला डेटावरून शिकवणं. एमटेक-पीएचडीला गाईड निवडताना यातलं काय घ्यावं हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना पडतो आणि पडणारच, कारण दोन्हीतली हद्द पार पुसट झालीये. २०१७ चा ट्रान्सफॉर्मर (आजच्या मोठ्या भाषा-मॉडेलांच्या मुळाशी असलेली न्यूरल नेटवर्कची रचना) घ्या, काम भाषांतराचं, निकाल इंग्रजी-जर्मन आणि इंग्रजी-फ्रेंचचे, पण पेपर गेला न्यूरिप्सला (मशीन लर्निंगची कॉन्फरन्स), एसीएलला (एनएलपीची कॉन्फरन्स) नाही. त्याआधी संशोधक बाहदानाऊ मंडळींचं अटेन्शन (मॉडेलनं वाक्यातल्या कुठल्या शब्दांकडे जास्त लक्ष द्यायचं ते ठरवणारी पद्धत), तेही भाषांतरासाठीच, ते आयसीएलआर २०१५ ला, तीही डीप लर्निंगवाल्यांचीच कॉन्फरन्स. म्हणजे प्रश्न भाषेचा आणि मांडव न्यूरल नेटवर्कवाल्यांचा. पुढे २०२० मधे तोच ट्रान्सफॉर्मर इमेजवाल्यांनीपण उचलला.

पण रोजचं काम बघाल तर फरक चांगलाच आहे. डीप लर्निंगच्या ग्रुपमधे भाषा म्हणजे बहुतेक वेळा नुसता बेंचमार्क (मॉडेल तपासायची ठरलेली चाचणी), खरा जीव लॉस कर्व्हमधे (शिकताना चूक कशी कमी होते त्याचा आलेख), ऑप्टिमायझरमधे (ती चूक कमी करणारी पद्धत), मॉडेल शिकतं तर का शिकतं यात. लिनियर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी मनापासून आवडत असेल तरच जा. आणि जीपीयूमधे (मॉडेल शिकवायला लागणाऱ्या महागड्या चिप्स) कंपन्यांशी स्पर्धा होणार नाही, पण थिअरीतले बरेच प्रयोग छोट्या मॉडेलवरही होतात.

एनएलपीत अर्धा वेळ डेटात जातो. एकाच वाक्याला दोन ॲनोटेटर (डेटाला हातानं लेबल लावणारी माणसं) दोन वेगळी लेबलं देतात, मग गाइडलाइन परत लिहा. मराठीत तर मजाच. यूटीएफ-८ मधे (अक्षरं संगणकात साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, त्यात टोकनायझर (मजकूर मॉडेलसाठी तुकड्यांत तोडणारा प्रोग्राम) मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला असला की शब्दाचे नुसते तुकडे. भाषांतराचा दर्जा मोजणारा ब्ल्यू स्कोअर अख्खे शब्द जुळवतो, त्यामुळे 'घरासमोरच्यांना' च्या जागी 'घरासमोरच्यांनाही' आलं की तो शब्द सरळ चुकीचा धरला जातो, म्हणून सीएचआरएफसारखी अक्षरांवरची मोजणी लागते. हे नुसतं गणित येणाऱ्याला सुचेलच असं नाही (आणि नुसती भाषा येणाऱ्याला दुरुस्त करता येईलच असंही नाही, ते असो).

एनएलपीतला धोकाही सांगतो. पूर्वी पीओएस टॅगिंग (शब्द नाम की क्रियापद ते ओळखणं), एनईआर (व्यक्ती-ठिकाणांची नावं ओळखणं) असे एकेक विषय थिसिसला पुरायचे, आता एक मोठं मॉडेल ते सगळं बऱ्यापैकी करतं. निदान इंग्रजीत तरी.

नोकरीसाठी दोन्ही चालतं, त्यावर फार डोकं लावू नका.

माझं मत विचाराल तर भारतीय भाषांवर काम करायचं असेल तर एनएलपी घ्या, आयआयटी मुंबईचं सीएफआयएलटी, आयआयटी मद्रासचं एआयफॉरभारत, पुण्याचं एलथ्रीक्यूब या भारतीय भाषांवर काम करणाऱ्या गटांचं काम चाळा, आणि ऑप्टिमायझेशनचा कोर्स मात्र गणितवाल्यांकडेच करा. भाषा कुठलीही चालेल असं वाटत असेल तर सरळ डीप लर्निंग. गाईडला भेटायच्या आधी त्यांचे मागच्या २-३ वर्षांचे पेपर कुठल्या कॉन्फरन्सला गेलेत ते बघून ठेवा, लॅबच्या नावावर जाऊ नका.