ओम्नीचं इंजिन: आपलंच बांधायचं की दुसरं टाकायचं?

2019 मध्ये मारुतीची ओम्नी व्हॅन बंद झाली. तेव्हापासून जुनी ओम्नी मोडीत काढताना मालकांचा हात आखडतो, कारण त्या मापाची आणि दोन्ही बाजूंना सरकती दारं असलेली तितकी साधी गाडी पुन्हा मिळणार नाही. पत्रा धड असेल आणि इंजिनच धूर ओकत असेल, तर तीन पर्याय समोर येतात. आपलंच इंजिन पूर्ण खोलून बांधणं, भंगार बाजारातून त्याच जातीचं जुनं इंजिन आणून टाकणं, किंवा थेट मारुतीच्याच ईको व्हॅनचं इंजिन बसवणं. माझा कल पहिल्याकडे आहे. मात्र सगळ्या गाड्यांना तो लागू पडेल असं नाही.

आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी) गाडी असेल तर पेट्रोल पंपाचा रिले काढा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. धडधाकट इंजिन दर चौरस सेंटिमीटरला 14 किलोच्या आसपास दाखवतं. 12 च्या खाली आलं किंवा तीन सिलिंडरमध्ये एका किलोपेक्षा जास्त तफावत दिसली, तर काम निघालं म्हणायचं. जो सिलिंडर कमी दाखवतोय त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुतेक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पातळ पट्टी. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन मग थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सील बदलून भागतं. नुसत्या हेडच्या कामासाठी अख्खं इंजिन उतरवून घेणारे गॅरेजवाले कमी नाहीत.

ईकोचा पर्याय झटक्यात निकालात काढतो. जवळपास 1200 सीसी, चार सिलिंडर, पाच गिअर, म्हणजे ओम्नीच्या दुप्पट ताकद, हे सगळं ऐकायला गोड आहे. पण ओम्नीच्या सीटखालची जागा तीन सिलिंडरची आहे. पत्रा कापायचा, माउंटिंग नव्यानं वेल्ड करायचं, वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) बसवायचा, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट लांबी जुळवून घ्यायचा, आणि ब्रेक मात्र तेच जुने. त्यात सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीतच सांगितलंय की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरोधात जाणारा बदल चालणार नाही. हौसेपायी कोणी केलं असेल तर त्याला नावं ठेवत नाही, पण रोजच्या गाडीसाठी हे सुचवणार नाही.

खरी निवड उरते ती पहिल्या दोघांत.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुनं इंजिन मिळतं, आणि काम लवकर उरकतं हा त्याचा मोठा फायदा. गाडीवर पोट असेल तर तो फायदा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. घेताना इंजिन जमिनीवर ठेवूनच बॅटरी आणि स्टार्टर लावून कॉम्प्रेशन मोजायला लावा. ऑइल भरायचं झाकण उघडा. आत दुधाळ पिवळट साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये गेलेलं आहे. ड्रेन नट काढून थोडं ऑइल बोटावर घ्या. चमकणारी कणी म्हणजे बेअरिंग झिजलंय. मारुती 800 चं इंजिनही 'तेच' म्हणून गळ्यात मारतात. ब्लॉक, हेड, पिस्टन जुळतात हे खरं, पण 800 मध्ये ते आडवं बसतं आणि ओम्नीत उभं (गाडीच्या लांबीत), त्यामुळे संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी), ऑइल गाळणीचा पाइप, मॅनिफोल्ड, माउंटिंग हे आपल्या जुन्या इंजिनवरूनच काढून लावावं लागतं. म्हणून जुनं इंजिन त्याच दिवशी मोबदल्यात देऊन टाकू नका.

बसवण्यापूर्वी मागचं क्रँक ऑइल सील न चुकता बदला. महिनोनमहिने पडून राहिलेल्या इंजिनाचं रबर कडक झालेलं असतं. पहिले काही दिवस सगळं कोरडं दिसतं, मग गिअरबॉक्सच्या तोंडाशी थेंब दिसतो, क्लच प्लेट ऑइल पिते आणि पहिल्या गिअरला गाडी थरथरायला लागते. शंभर-दोनशेच्या सीलपायी गिअरबॉक्स पुन्हा खाली. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह सील हेही नवं घालायचं म्हटलं, की स्वस्तातलं इंजिन तितकंसं स्वस्त राहत नाही.

तरीही हे सगळं सोसण्यासारखं आहे. माझ्या लेखी तराजू झुकला तो इंजिन नंबरामुळे.

नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि आरसीवर छापलेला. ब्लॉक बदलला की कागद आणि लोखंड यांचा मेळ तुटतो. त्यासाठी आरटीओची परवानगी, इंजिनाच्या खरेदीचं बिल, ते ज्या गाडीतून निघालं ती रीतसर मोडीत गेल्याचा पुरावा, मग तपासणी, मग आरसीवर नोंद आणि शेवटी विमा कंपनीला कळवणं. यात अडकतं ते बिलापाशी. भंगारवाला पावती देतो, पण तिच्यावर इंजिन नंबर लिहायला कां-कूं करतो. ब्लॉकवरची नंबराची जागा घासलेली किंवा ताज्या रंगानं झाकलेली दिसली, तर भाव कितीही चांगला असो, तिथून निघा. 'कोण बघतंय' असं गॅरेजात हमखास ऐकायला मिळतं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना निरीक्षक बघतो, पुढे दर पाच वर्षांनी बघतो. अपघाताच्या दाव्यात विम्याचा सर्व्हेअर बघतो आणि गाडी विकताना शहाणा गिऱ्हाईकही बघतो. ओम्न्यांचं वय पाहता बहुतेकांना नूतनीकरण एकदा तरी चुकत नाही. आपलाच ब्लॉक ठेवला तर यातलं काहीच करावं लागत नाही, आणि मला तरी हे चार-दोन दिवसांच्या खोळंब्यापेक्षा मोलाचं वाटतं.

आता बांधायचं म्हणजे काय, ते नीट करवून घ्या. ओम्नीचं इंजिन सीट काढून खालून उतरवावं लागतं, म्हणून एकदा उतरवलं की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, माउंटिंगची रबरं त्याच खेपेला बदला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मूळ 68.5 मिमी. कंपनीच्या मापात 0.25 आणि 0.50 मिमी मोठे असे दोनच ओव्हरसाइज पिस्टन. सिलिंडर वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी आडवा-उभा मोजून मगच माप ठरवा. लेथवाले वेळ वाचवायला सरळ 0.50 ला जातात, आणि पुढची संधी तिथेच संपते, उरतं ते लायनर (सिलिंडरमध्ये नवी नळी) टाकणं. पिस्टन आधी विकत घ्या आणि त्यांच्यासकट ब्लॉक लेथवर द्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनच्या मापाला कापला जाईल. बोअर झाल्यावर होनिंगच्या (दगडानं बारीक घासण्याच्या) तिरक्या रेषा दिसायलाच हव्यात. नुसता गुळगुळीत सिलिंडर ऑइल धरत नाही. ब्लॉक परत आला की साबणाच्या गरम पाण्यानं ब्रश मारून धुवा. होनिंगची पूड राहिली तर नव्या रिंगा हजारभर किलोमीटरमध्ये झिजतात, आणि दोष रिंगांच्या कंपनीवर जातो.

हेड पट्टी टाकून तपासा. 0.05 मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं आवळा. 'हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

बांधलेलं इंजिन पुन्हा बिघडतं ते बहुतेक पाण्यामुळे. रेडिएटर नाकाशी, इंजिन सीटखाली, मधे लांबलचक पाइप. हवा अडकायला ही जागा आयती. पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर उचला, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवा, हीटर असेल तर त्याचा कॉक पूर्ण उघडा आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवून वरून भर घालत राहा. गाडीच्या तळाखालचे लोखंडी पाइप गंजलेले असतील तर आताच बदला. थर्मोस्टॅट काढून टाकायची खोड मात्र मोडा. एमपीएफआय गाडीत इंजिन कायम थंड आहे असं समजून ईसीएम जादा पेट्रोल सोडत राहतो, आणि मालक म्हणतो काम करूनही अ‍ॅव्हरेज नाही.

पहिले हजार किलोमीटर साठच्या वर नेऊ नका, पण उभ्या गाडीत तासन्‌तास आयडलही ठेवू नका. रिंगा भार पडल्यावरच सिलिंडरशी नीट जुळतात. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला.

सुधारणांत पैसे घालायचेच असतील तर माझा क्रम असा: जुन्या कार्बोरेटर गाडीत ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, कारण सीट उचलून पॉइंट घासायची कटकट कायमची जाते. मग रेडिएटरचा नवा कोअर (आतली जाळी). मग रेडिअल टायर. पुढे अजून ड्रम ब्रेक असतील तर टायरच्याही आधी त्यांच्याकडे बघा. एलपीजीवर चालवत असाल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट लवकर झिजतात, म्हणून हेड उघडलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त वेळा तपासा.

ब्लॉकलाच तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉडनं भोक पाडलं असेल, तर मात्र माझा पर्याय उरत नाही. अशा वेळी 2021 च्या नियमांखालच्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून निघालेलं इंजिन मिळतंय का ते आधी बघा, नंबरासकट बिल घ्या, आणि गाडी गॅरेजात नेण्याआधी आरटीओत अर्ज टाका.