गांडूळखताचा डबा: ८ महिन्यांनंतर

५ पैकी ३ तारे. त्यातला एक डब्याला, दोन आतल्या गांडुळांना.

तीन थरांचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी वर्मीवॉश (खतातून झिरपणारं पाणी) काढायला तोटी. ती दुसऱ्याच महिन्यात गळायला लागली. खाली वाटी ठेवली आणि विषय संपवला. भरलेला थर उचलायला दोन माणसं लागतात, इथे मी एकटी आणि माझे गुडघे.

झाकण मात्र अक्षम्य. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, त्याला ओलही हवी आणि खेळती हवाही. बनवणाऱ्याला हे कुणी सांगितलं नसावं. पहिल्या आठवड्यात सगळी झाकणाच्या कडेला येऊन चिकटली. तापलेल्या सळईने १४ भोकं पाडली, तेव्हा कुठे खाली गेली.

खत काळंभोर, भुसभुशीत. मूठभर हातात घेतलं की मला डार्विन आठवतो. त्याने १८४२ मध्ये घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि १८७१ मध्ये चर खणून पाहिला. तुकडे ७ इंच खाली गेलेले! गांडुळं खालची माती गिळून वर आणून टाकत राहिली होती. २९ वर्षं वाट पाहिली त्या माणसाने. मी आठव्या दिवशीच खत झालं का म्हणून झाकण उघडलं होतं.

पण खरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाची. त्यात लिहिलंय, गांडुळं जास्त झाली तर जवळच्या जंगलात सोडा. अहो, असं छापू नका. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडे, जिथे हिमयुगात बर्फाची चादर होती, तिथल्या जंगलांत गांडुळं नव्हतीच. पडलेल्या पानांच्या जाड थरावर ती जंगलं वाढली. मग माणसांबरोबर बाहेरची गांडुळं आली आणि तो थरच खाऊन बसली. त्यात रुजणारी रोपं, त्यात राहणारे जीव, सगळ्यांचे हाल झाले. गांडुळांनी तिथेही तेच केलं जे माझ्या डब्यात करतात, आणि डब्यात त्याचं मी कौतुक करते.

जास्तीची गांडुळं मी असाच डबा असलेल्या ओळखीच्यांना देते. पत्रक बदला म्हणून कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, ‘नवी तोटी पाठवत आहोत.’

तोटी आली. तीही गळते.