लक्ष्मीपुरीतील ध्वनिमुद्रिकांचे दुकान आणि ‘कंडक्टर’चा कप्पा

कोल्हापुरात कंडक्टर म्हटले की एसटीतील वाहकच डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे लक्ष्मीपुरीतील जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या एका छोट्या दुकानात ‘कंडक्टर’ अशी चिठ्ठी डकवलेला कप्पा पाहून मला आधी हसू आले. पाश्चात्त्य संगीताच्या एलपी सहसा रचनाकाराच्या नावाने लावतात. येथे त्या कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद-संचालकाच्या नावाने आणि ध्वनिमुद्रणाच्या सालानुसार लावल्या आहेत, हीच या दुकानाची खरी किंमत आहे.

मी झुबिन मेहतांच्या एलपी मागितल्या. मुंबईत १९३६ साली जन्मलेले, १९५४ मध्ये व्हिएन्नाला जाऊन हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकलेले आणि १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकलेले मेहता १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे संगीत-संचालक झाले. मालकांनी कंटाळा न करता दोन एलपी पाठोपाठ वाजवून दाखवल्या. पहिली १९६५ ची, व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह रचनाकार ब्रुकनरची नववी सिंफनी. तिशीही न गाठलेला हा संचालक तेथे पाहुणा होता आणि वृंदाचा मुरलेला, दाट स्वर त्याने शहाणपणाने तसाच वाहू दिला, असे मला वाटले. दुसरी १९७१ ची, लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेली, रचनाकार होल्स्टची ‘प्लॅनेट्स’. त्यातील ‘मंगळ’ हा भाग पाच मात्रांत चालतो. देवल क्लब या येथील संगीतसंस्थेत कान तयार झालेला श्रोता नकळत दोन-तीन वजनाचा झपताल मोजू लागतो, पण येथे तीन-दोन असे उलटे वजन पडते आणि मोजणी चुकते. पितळी वाद्यांची ती धार नऊ वर्षे त्याच वादकांबरोबर बसून घडवलेली आहे. स्वतः एकही वाद्य न वाजवणाऱ्याची कमाई नेमकी कोणती, हे मला या दोन तबकड्यांतील अंतरावरून उमगले.

दोष सांगायलाच हवेत. कप्पा १९७८ पाशी संपतो. मेहतांची न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधील पुढील १३ वर्षे येथे नाहीतच. ब्रुकनरच्या दुसऱ्या बाजूवर ठळक ओरखडा असूनही दोन्ही एलपींची किंमत सारखीच, १,२०० रुपये, लावली होती आणि घासाघीस करूनही ती उतरली नाही. बसायला एकच स्टूल आहे, तेही डुगडुगते.

होल्स्ट घेऊन आलो. ब्रुकनर तेथेच आहे. सुई उडण्याची सवय असेल त्याने अवश्य घ्यावा.