अवकाशयुद्धातला बदनाम अधिकारी: कोर्ट मार्शल, फाइलीवरची गच्छंती की हलकी शिक्षा?

नायक सैन्यातून डाग घेऊन बाहेर पडलेला अधिकारी आहे, एवढं कथा लिहिणाऱ्याचं ठरलेलं असतं. तो डाग कसा लागला हे मात्र बऱ्याचदा ‘त्याला हाकललं’ या एका वाक्यात उरकलं जातं. तिथेच पुढची गुंतागुंत सुरू होते. अधिकारी कोणत्या दाराने बाहेर पडला यावर त्याच्याकडे काय उरलं हे ठरतं: हुद्दा, दाद मागायची जागा, जुन्या सहकाऱ्यांची नजर. दारं मुख्यतः तीन आहेत. काल्पनिक सैन्यासाठीही एखाद्या खऱ्या कायद्याचा सांगाडा घेतलेला बरा. आपल्या वाचकाला जवळचा म्हणून इथे आर्मी ॲक्ट, १९५० घेतला आहे.

कोर्ट मार्शल हा सगळ्यात नाट्यमय आणि सगळ्यात जास्त पानं खाणारा मार्ग. जनरल कोर्ट मार्शलला न्यायाधीश म्हणून किमान पाच अधिकारी लागतात, मोहिमेवरच्या समरी जनरल कोर्ट मार्शलला तीन. निकाल बहुमताने होतो आणि मतं समसमान पडली तर आरोपीच्या बाजूने. मृत्युदंडासाठी पहिल्या प्रकारच्या न्यायालयात दोन-तृतीयांश सभासदांची संमती हवी, दुसऱ्यात सगळ्यांची. मंगळाच्या वाटेवरच्या जहाजात हे तीन अधिकारी आणायचे कुठून, हा प्रश्न कथेला फार उपयोगी पडतो. पृथ्वी-मंगळ संदेशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यामुळे वरिष्ठांकडून निकाल कायम करून घेणं जमतं. माणसाला परत पाठवणं जमत नाही. कमी इंधनाचा प्रवास साधारण साडेआठ महिन्यांचा आणि निघण्याची संधी २६ महिन्यांतून एकदा. शिक्षा देणारे तिघे आणि शिक्षा झालेला एक, सगळे त्याच टाकीतली हवा घेत राहणार.

चुका कुठे होतात? पहिली चूक म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरीलाच खटला समजणं. ती फक्त चौकशी असते. तिच्यातल्या जबाबांवरून खटल्यात थेट दोषी ठरवता येत नाही, पुरावा नव्याने नोंदवावा लागतो. दुसरी चूक हुद्द्याची. अधिकाऱ्याला कैद सुनवायची तर आधी कॅशियर, म्हणजे मानहानीसह बडतर्फ, करावंच लागतं; त्यात त्याचं कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनदच, जाते. तुरुंगातून सुटून पुन्हा ‘कॅप्टन’ म्हणून जहाजावर चढणारा नायक म्हणूनच खटकतो. तिसरी चूक विलंबाची. खटला तीन वर्षांच्या मुदतीत सुरू झाला पाहिजे, हे कलम बहुतेक गुन्ह्यांना लागू आहे. दहा वर्षांनी खटला उभा करायचा तर तो बंड किंवा पळून जाण्याचा ठेवा. या गुन्ह्यांना मुदत नाही.

जाहीर मानखंडना दाखवायची असेल तर हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरवल्या गेलेल्या ड्रेफस या फ्रेंच अधिकाऱ्याचं प्रकरण अभ्यासावं. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या लष्करी शाळेच्या आवारात त्यांची चिन्हं ओरबाडली गेली, तलवार मोडली गेली. पण कथेचं खरं बीज त्या तलवारीत शोधू नये. न्यायाधीशांना जी गुप्त कागदपत्रं दाखवली गेली ती बचावपक्षाला दाखवलीच नव्हती, आणि १९०६ मध्ये निर्दोष ठरेपर्यंतच्या लढाईत हा मोठा मुद्दा ठरला.

दुसरं दार फाइलीचं. खटला चालवणं अव्यवहार्य किंवा गैरसोयीचं वाटलं तर कारणे दाखवा नोटीस देऊन, उत्तर घेऊन सरकार अधिकाऱ्याला काढू शकतं. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. तीन-चार हजार शब्दांच्या दिवाळी अंकातल्या कथेला हा मार्ग सोयीचा, कारण एका पत्रात काम होतं. तोटा असा की आरोप कधी तपासलाच गेला नाही. शेवटी ‘सत्य बाहेर आलं’ असं दाखवायचं असेल तर ते कुठल्या व्यासपीठावर, याची सोय आधीच करून ठेवा. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. तुमच्या मंगळावर काय आहे?

तिसरा मार्ग लेखक क्वचितच वापरतात आणि अवकाशाला तोच सगळ्यात चपखल बसतो: खटल्यात दोष सिद्ध, पण शिक्षा किरकोळ. अमेरिकी क्रूझर युद्धनौका ‘इंडियानापोलिस’ ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीच्या पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली. सुमारे बाराशेंपैकी ३१६ वाचले. तिचे कॅप्टन मॅक्वे यांना हुलकावणीसाठी नागमोडी मार्ग न घेतल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. नागमोडी गेले असते तरी फरक पडला नसता, अशी साक्ष खुद्द जपानी पाणबुडीच्या कप्तानाने दिली होती. शिक्षा फक्त ज्येष्ठता कमी करण्याची होती आणि तीही १९४६ मध्ये माफ झाली. दोष मात्र नोंदीत राहिला. त्यांनी १९६८ मध्ये आत्महत्या केली; अमेरिकी काँग्रेसने निर्दोषत्वाचा ठराव केला २००० मध्ये.

हुलकावणी न दिल्याचा हा आरोप अवकाशात आकड्यांनी मांडता येतो. शत्रू ३ लाख किलोमीटरवर असेल तर त्याला तुमचं एक सेकंद जुनं चित्र दिसतं आणि त्याच्या लेझरला पोचायला आणखी एक सेकंद. दोन सेकंदांत १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या) त्वरणाने जहाज जेमतेम २० मीटर सरकतं. १०० मीटर लांबीचं जहाज तेवढ्याने वाचत नाही. अंतर दहापट केलं तर २० सेकंद मिळतात आणि जहाज जवळपास २ किलोमीटर सरकतं. तिथे हुलकावणीला अर्थ आहे. पण तासभर असे झटके देत राहायचं तर वेगबदलाची किंमत ३५ किलोमीटर प्रतिसेकंद. पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून मंगळाकडे निघायला लागतो त्याच्या जवळपास दहापट! झटके उलटसुलट दिले तर वेग एकमेकांत कटतो, पण खर्च झालेलं इंधन परत येत नाही. इंधन राखून ठेवणारा कप्तान दोषी की शहाणा, हे वाचक स्वतः ताडून पाहू शकतो. म्हणूनच खटल्यात अंतराचा आकडा नक्की सांगा. तो धूसर ठेवला तर आरोपही धूसर होतो.

कादंबरी असेल आणि न्यायालयातली माणसंच महत्त्वाची असतील तर कोर्ट मार्शल घ्या. लघुकथेत भूतकाळ पाठीशी टाकून पुढे जायचं असेल तर फाइल. पण नायकाला पुन्हा जहाजाच्या नियंत्रणकक्षात उभं करायचं असेल तर तिसराच मार्ग निवडा, कारण त्यात कमिशन शाबूत राहतं. पहिल्या दोन मार्गांनी गेलेल्याला परत आणायचं तर नवं कमिशन कुणी दिलं, कोणत्या हुद्द्यावर आणि त्याची जुनी ज्येष्ठता धरली का, हे तीन तपशील तो पहिला हुकूम देण्याआधी वाचकाला कळले पाहिजेत.